ड्राइव्ह ट्रिप झाला तरी रेझिस्टर तापतच राहतो : ब्रेक रेझिस्टरच्या संरक्षणाची पहिल्यापासून ओळख

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या डिस्प्लेवर फॉल्टचा कोड दिसत होता, मोटर थांबलेली होती आणि ऑपरेटर निर्धास्तपणे बाजूला उभा होता. पॅनेलच्या माथ्यावर बसवलेल्या जाळीच्या पेटीतून मात्र लालसर उजेड येत होता. पेटीचा पत्रा निळा-जांभळा पडला होता आणि शेजारून जाणाऱ्या केबलचं आवरण मेणासारखं ओघळत होतं. मी मेन स्विच पाडला तेव्हा कुठे तो उजेड हळूहळू विझला. त्या पेटीत ब्रेक रेझिस्टर होता, म्हणजे मोटर थांबवताना येणारी जास्तीची ऊर्जा उष्णता करून घालवणारा भाग. त्याच्यावर थर्मल स्विच (फार तापलं की उघडणारा) होता आणि तो वेळेवर उघडलाही होता. पण त्याच्या दोन्ही वायर ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटला, म्हणजे फक्त सिग्नल घेणाऱ्या टर्मिनलला, जोडलेल्या होत्या. ड्राइव्हने सांगितल्याप्रमाणे मोटर थांबवली आणि फॉल्ट दाखवला. रेझिस्टरमधला करंट बंद करणं त्याच्या हातातच नव्हतं.

त्या दिवसापासून ब्रेक रेझिस्टर असलेलं कुठलंही पॅनेल उघडलं की मी पहिला प्रश्न विचारतो : हा रेझिस्टर तापला तर मेन सप्लाय कोण तोडतं? ज्यांनी नुकतंच ड्राइव्हचं काम हातात घेतलं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रत्यक्ष पॅनेलवर काम करताना सोबत जाणकार इलेक्ट्रिशियन असू द्या. इथलं व्होल्टेज चूक माफ करत नाही.

आधी एवढं समजून घ्या

मोटर वेगाने फिरणारा जड भार ओढून थांबवते तेव्हा ती जनरेटर होते. भाराची ऊर्जा उलट दिशेने ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये, म्हणजे आतल्या डीसी व्होल्टेजच्या प्लस-मायनस जोडणीत, येते. साध्या ड्राइव्हच्या इनपुटला एसीचं डीसी करणारा डायोडचा रेक्टिफायर असतो. डायोड एकाच दिशेने करंट सोडतात, त्यामुळे ही ऊर्जा सप्लायकडे परत जाऊ शकत नाही. ती कपॅसिटरमध्ये साठते आणि बसचं व्होल्टेज चढू लागतं. ४०० व्होल्टच्या सप्लायवर ही बस एरवी ५४० ते ५६५ व्होल्टच्या आसपास असते. ती साधारण ७०० ते ७८० व्होल्टपर्यंत चढली की ब्रेक चॉपर नावाचा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि रेझिस्टरला बसच्या दोन टोकांमध्ये जोडतो. जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. नेमका आकडा प्रत्येक ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये असतो. पुढच्या हिशेबांसाठी मी ७६० व्होल्ट धरतो.

आता रेझिस्टर ५० ओहमचा आणि १ किलोवॉटचा आहे असं धरा. चॉपर चालू असताना त्यात १५.२ अँपिअर करंट वाहतो आणि साडेअकरा किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणजे नेहमीच्या क्षमतेच्या साडेअकरा पट. तरीही तो जळत नाही, कारण हे काही सेकंदच चालतं आणि मग त्याला निवायला वेळ मिळतो. ब्रेक रेझिस्टरची सगळी निवड या विश्रांतीच्या भरवशावर केलेली असते. विश्रांती मिळाली नाही तर काय, हा संरक्षणाचा प्रश्न.

विश्रांती दोन कारणांनी हुकते. पहिलं साधं आहे : यंत्र ठरल्यापेक्षा जास्त वेळा थांबवलं जातं, भार वाढतो, नाहीतर हवा खेळत नाही. दुसरं कारण घातक आहे : चॉपरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. पॉवर ट्रान्झिस्टर बिघडले की बहुतेक वेळा शॉर्टच होतात. मग रेझिस्टर कायमचा डीसी बसला जोडला जातो. ब्रेकिंग असो वा नसो, मोटर फिरो वा न फिरो, ५५० व्होल्टने त्यात ११ अँपिअर करंट अखंड वाहतो आणि १ किलोवॉटच्या रेझिस्टरमध्ये ६ किलोवॉट उष्णता ओतली जाते.

हे किती वेगात घडतं पाहा. अॅल्युमिनियमच्या खोक्यातला असा रेझिस्टर ३ किलोचा असेल, तर त्याचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण २७०० जूल लागतात. सेकंदाला ६००० जूल मिळाले तर तापमान दर सेकंदाला दोन अंशांहून जास्त चढतं. दीड मिनिटात खोकं २०० अंशांनी तापतं आणि आतली तार त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

या अवस्थेत ड्राइव्ह काही करू शकत नाही. चॉपरला बंद होण्याचा सिग्नल देऊन उपयोग नाही, तो शॉर्ट आहे. ड्राइव्ह ट्रिप झाला तर मोटरकडचे ट्रान्झिस्टर बंद होतात, पण इनपुटचे डायोड करंट देतच राहतात.

मागचा फ्यूज उडेल या भ्रमातही राहू नका. ६ किलोवॉट म्हणजे लाइनवर दहा-बारा अँपिअर. ११ किलोवॉटच्या ड्राइव्हमागे ३२ अँपिअरचा फ्यूज असेल तर त्याच्या दृष्टीने हा अगदी हलका लोड आहे. तो रात्रभर उडणार नाही.

पायरी १ : रेझिस्टर भाराला आणि ड्राइव्हला साजेसा आहे का?

चुकीचा रेझिस्टर कितीही संरक्षण लावलं तरी त्रास देतो. ओहमला दोन्ही बाजूंनी मर्यादा असते. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये किमान ओहम दिलेले असतात. त्याखाली गेलात तर चॉपरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जाईल आणि तोच शॉर्ट होईल. ओहम फार जास्त ठेवले तर ऊर्जा पुरेशा वेगाने बाहेर जात नाही आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होत राहतो.

वॉटचा हिशेब एका उदाहरणाने बघू. भाराचा जडत्वाघूर्ण (भार फिरवायला-थांबवायला किती जड, त्याचं माप) २ किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे आणि वेग मिनिटाला १४५० फेरे. फिरणाऱ्या भाराची ऊर्जा म्हणजे जडत्वाघूर्णाची निमपट गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. ती इथे साधारण २३ किलोजूल येते. ५ सेकंदांत थांबवायचं असेल तर सरासरी ४.६ किलोवॉट लागतात. एकसारख्या उतरत्या वेगात सुरुवातीचा जोर सरासरीच्या दुप्पट असतो, म्हणून शिखर ९.२ किलोवॉट. ७६० व्होल्टवर ९.२ किलोवॉट काढायला ओहम ६२ पेक्षा कमी हवेत. ५० ओहम चालतील, पण ड्राइव्हचं किमान ओहम त्याखाली आहे ना, ते बघा.

आता दर मिनिटाला एकदा थांबणं असेल तर सरासरी उष्णता ३८४ वॉट. १ किलोवॉटचा रेझिस्टर आरामात झेलेल. तेच यंत्र घाईच्या दिवशी दर १५ सेकंदांनी थांबवलं तर सरासरी १.५ किलोवॉटच्या वर जाते. कुठलाही भाग बिघडलेला नसताना रेझिस्टर जळायच्या वाटेला लागतो. म्हणून यंत्र चालवणाऱ्याला विचारा : सगळ्यात गर्दीच्या तासाला किती वेळा थांबवता? कागदावरच्या आकड्यापेक्षा मी या उत्तरावर जास्त विश्वास ठेवतो.

भार वर-खाली नेणाऱ्या यंत्रांचं गणित वेगळं असतं. २००० किलोचा भार सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने खाली येत असेल तर खाली येईपर्यंतचा सगळा वेळ जवळजवळ ४ किलोवॉट परत येत राहतात. तिथे ५ सेकंदांचं ब्रेकिंग धरून निवडलेला रेझिस्टर पुरत नाही. शिवाय अशा यंत्राला स्वतंत्र यांत्रिक ब्रेक हवाच. रेझिस्टरची तार तुटली, ड्राइव्ह ट्रिप झाला किंवा सप्लाय गेला, तर भार धरून ठेवायचं काम त्या ब्रेकचं आहे.

पायरी २ : जागा

रेझिस्टर पॅनेलच्या बाहेर ठेवा, शक्यतो माथ्यावर किंवा मोकळ्या भिंतीवर. नेहमीच्या कामातही त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जाऊ शकतो. खाली आणि वर मोकळी जागा ठेवा, म्हणजे थंड हवा खालून शिरेल आणि गरम हवा वरून निघेल. आडवा बसवायचा की उभा, हे त्याच्या पत्रकात असतं आणि ते मोडलं तर वॉटची क्षमता कमी होते. वर केबल ट्रे नको, शेजारी लाकूड, थर्माकोल, तेलाचा डबा, पुसायची फडकी नकोत. हात लागू नये म्हणून जाळी लावा आणि गरम पृष्ठभागाची व उच्च व्होल्टेजची खूण डकवा. धूळ जास्त असेल तिथे वर साचलेला थर आधी करपतो आणि मग पेटतो, हे ध्यानात असू द्या.

पायरी ३ : वायरिंग

काम सुरू करण्याआधी सप्लाय तोडून कुलूप लावा. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, बहुधा ५ ते १५ असतात. मग डीसी बसच्या टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज खरंच उतरलं आहे याची खात्री करा. घड्याळ पाहून समाधान मानू नका. मीटर १००० व्होल्टचं हवं.

रेझिस्टर जोडायची दोन टर्मिनल वेगळी असतात : एक बसचं प्लस आणि दुसरं चॉपरचं. नवखा माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे रेझिस्टर बसच्या प्लस आणि मायनसमध्ये जोडणं. नावं सारखी दिसतात आणि टर्मिनल शेजारी-शेजारी असतात. असं जोडलं की सप्लाय दिल्या क्षणापासून रेझिस्टर अखंड तापतो, म्हणजे शॉर्ट चॉपरचाच प्रकार आपण हाताने घडवतो. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच लग (वायरच्या टोकाची कडी) आवळा.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. बहुतेक ड्राइव्हमध्ये रेझिस्टरचं एक टोक सदैव बसच्या प्लसला जोडलेलं असतं. रेझिस्टर थंड आहे, मोटर बंद आहे, दोन टोकांमध्ये शून्य व्होल्ट दिसतात, तरी जमिनीच्या संदर्भात दोन्ही टोकांवर शेकडो व्होल्ट असतात. थंड म्हणजे सुरक्षित नव्हे.

केबल चॉपरच्या व्होल्टेजला पुरेल अशा इन्सुलेशनची घ्या आणि लांबी कमीत कमी ठेवा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये १० मीटरची मर्यादा असते. चॉपर वेगाने चालू-बंद होतो, म्हणून शील्ड केबल किंवा निदान पीळ घातलेली जोडी वापरा आणि ती सिग्नलच्या वायरपासून दूर न्या. रेझिस्टरजवळचा शेवटचा तुकडा सिलिकॉन किंवा ग्लास फायबरच्या इन्सुलेशनचा असावा. साधी पीव्हीसी केबल तिथे टिकत नाही.

अर्थिंग रेझिस्टरच्या खोक्याला थेट द्या. माउंटिंगच्या बोल्टवर विसंबू नका, रंगाखाली संपर्क होतोच असं नाही. आतली तार तुटून किंवा इन्सुलेशन फुटून खोक्याला लागली आणि अर्थिंग नसेल, तर पूर्ण खोकं जिवंत होतं. अर्थिंग असेल आणि तार प्लसच्या टोकाजवळ लागली असेल तर करंट मोठा येऊन फ्यूज उडतो. मधेच कुठे लागली तर उरलेले ओहम करंट अडवतात आणि फ्यूज गप्प राहतो. अनेक ड्राइव्ह अर्थ फॉल्ट ओळखतात तो मोटरच्या बाजूचा करंट मोजून, त्यामुळे रेझिस्टरकडचा फॉल्ट त्यांच्या नजरेआड राहू शकतो. लिकेज पाहणारं उपकरण मागे लावायचं असेल तर ते बी टाइपचंच घ्या. साध्या टाइपची उपकरणं गुळगुळीत डीसी लिकेज ओळखत नाहीत.

पायरी ४ : थर्मल स्विच

बहुतेक ब्रेक रेझिस्टरवर थर्मल स्विच बसवूनच मिळतो. नसेल तर तसाच मागवा. तो एनसी म्हणजे एरवी बंद असलेला असतो आणि ठरावीक तापमानाला उघडतो. वायर तुटली तरी तो ‘तापलो’ असंच सांगतो, म्हणून एनसीच हवा.

इथे एक बारीक जागा आहे जी मी दोनदा चुकलेली पाहिली आहे. थर्मल स्विचच्या दोन वायर साध्या पीव्हीसीच्या असतील आणि रेझिस्टर खूप तापला, तर स्विच उघडण्याआधीच त्यांचं आवरण वितळून तांबं एकमेकांना चिकटू शकतं. मग स्विच उघडला तरी सर्किट बंदच दिसतं. त्या वायरही उष्णता झेलणाऱ्या घ्या आणि पॉवरच्या केबलपासून वेगळ्या न्या.

थर्मल स्विचची मर्यादाही ओळखा. तो खोक्याचं तापमान पाहतो, तारेचं नाही. हळूहळू होणाऱ्या ओव्हरलोडला तो उत्तम. चॉपर शॉर्ट झाल्यावर मात्र तार आधी तापते आणि खोकं मागून येतं. म्हणून त्याच्या जोडीला पुढची पायरी.

पायरी ५ : ओव्हरलोड रिले

मोटर स्टार्टरमध्ये वापरतो तोच बायमेटलचा (दोन धातूंच्या पट्टीचा) रिले रेझिस्टरच्या केबलमध्ये सिरीजला घालता येतो. बायमेटल करंटच्या उष्णतेवर वाकतं, त्याला एसी-डीसीचा फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड रिले मात्र इथे लावू नका. बहुतेकांच्या आत करंट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला डीसी दिसत नाही आणि तो निवांत बसून राहील. हे पॅनेल बनवणाऱ्यांकडूनही राहून जातं.

सेटिंग काढायला रेझिस्टरचे वॉट भागिले ओहम करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. १००० भागिले ५० म्हणजे २०, त्याचं वर्गमूळ साधारण ४.५ अँपिअर. तेवढंच सेट करा. ब्रेकिंगच्या वेळी १५ अँपिअर जातात म्हणून १५ वर सेट करणारे भेटतात. त्यांच्या रिलेला शॉर्ट चॉपरचे ११ अँपिअर नेहमीचेच वाटतील. ४.५ वर सेट केलेला क्लास १० चा (क्लास म्हणजे ट्रिप व्हायच्या वेगाचा वर्ग) रिले ५ सेकंदांचं ब्रेकिंग सोडून देतो आणि ११ अँपिअर अखंड वाहिले तर मिनिटभराच्या आसपास ट्रिप होतो.

रिलेचे तीनही पोल सिरीजमध्ये जोडा. एकाच पोलमधून करंट नेला तर फेज गेल्याचं समजून तो उगाच ट्रिप होईल. रिलेचं इन्सुलेशन व्होल्टेज चॉपरच्या व्होल्टेजला पुरतं का, ते त्याच्या पत्रकात तपासा. ते पुरत नसेल तर ब्रेक सर्किटसाठी बनवलेला रिले शोधा. तडजोड करू नका.

हा रिले स्वतः मुख्य करंट तोडत नाही. त्याचा ९५-९६ हा एनसी कॉन्टॅक्ट फक्त उघडतो. तोडायचं काम पुढच्याचं.

पायरी ६ : मेन सप्लाय तोडणारा कॉन्टॅक्टर

या कामात एकच पायरी नीट करायला वेळ असेल तर ही करा.

ड्राइव्हच्या इनपुटला, तीनही फेजवर, एक कॉन्टॅक्टर लावा, म्हणजे कॉइलला सप्लाय असेपर्यंतच जोडलेला राहणारा स्विच. त्याच्या कॉइलच्या वाटेत सिरीजमध्ये हे सगळं येऊ द्या : स्टॉपचं बटण, रेझिस्टरचा थर्मल स्विच आणि ओव्हरलोड रिलेचा ९५-९६. यातलं एकही उघडलं की कॉइलचा सप्लाय जातो, कॉन्टॅक्टर सुटतो, तीनही फेज तुटतात आणि चॉपर शॉर्ट असला तरी रेझिस्टरला ऊर्जा पुरवणारं कोणी उरत नाही. कपॅसिटरमधली उरलेली थोडी ऊर्जा त्याच रेझिस्टरमधून लगेच संपते.

कॉइलला होल्डिंग घालायला विसरू नका. म्हणजे स्टार्टच्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचा स्वतःचा एनओ (एरवी उघडा असलेला) कॉन्टॅक्ट. थर्मल स्विच रेझिस्टर निवला की आपोआप बंद होतो. होल्डिंग नसेल तर अर्ध्या तासाने कोणी जवळ नसताना कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जाईल आणि शॉर्ट चॉपर पुन्हा तापवायला लागेल. माणसाने येऊन, कारण शोधून, बटण दाबल्याशिवाय सप्लाय परत येता कामा नये. याच कारणाने ओव्हरलोड रिलेही मॅन्युअल रीसेटवर ठेवा.

कॉइलचा सप्लाय कॉन्टॅक्टरच्या आधीच्या बाजूने घ्या. नाहीतर कॉन्टॅक्टर एकदा सुटला की कंट्रोलचा सप्लायही जातो आणि तो परत ओढताच येत नाही.

कॉन्टॅक्टरऐवजी ट्रिप कॉइल लावलेला सर्किट ब्रेकरही चालतो. मग अंडरव्होल्टेज कॉइल (व्होल्टेज गेलं की ब्रेकर पाडणारी) घ्या. शंट ट्रिप कॉइलला ट्रिप करायला व्होल्टेज द्यावं लागतं. वायर तुटलेली असेल किंवा कंट्रोल सप्लाय गेला असेल तर ऐन वेळी ती काहीच करणार नाही. अंडरव्होल्टेज कॉइलची वायर तुटली तर ब्रेकर लगेच पडतो. वैताग होईल, पण आग होणार नाही.

थर्मल स्विचची खबर ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटलाही द्या, म्हणजे डिस्प्लेवर कारण दिसेल. ती जोडणी जास्तीची, या कॉन्टॅक्टरच्या जागी नव्हे. आणि रोजच्या स्टार्ट-स्टॉपसाठी हा कॉन्टॅक्टर वापरू नका. दर वेळी ड्राइव्हचं कपॅसिटर चार्ज करणारं सर्किट ताण सोसतं आणि लवकर मरतं.

पायरी ७ : रेझिस्टरच्या वाटेत काय घालू नये

‘रेझिस्टरच्या केबलमध्येच एक एमसीबी टाकू’ असं सुचवणारा कोणीतरी भेटतोच. टाकू नका. एसीचा आर्क करंट शून्यातून जातो म्हणून विझतो. ७६० व्होल्ट डीसीचा आर्क तसा विझत नाही आणि साधा एमसीबी किंवा कॉन्टॅक्टर स्वतःच पेटू शकतो. केबल शॉर्टपासून वाचवायला फ्यूज हवाच असेल तर चॉपरच्या व्होल्टेजहून जास्त डीसी रेटिंगचा, सेमीकंडक्टरसाठीचा, आणि ड्राइव्हच्या मॅन्युअलला मान्य असेल तरच. तो उडाला की ब्रेकिंगही गेलं, हे यंत्राच्या सुरक्षेत धरलेलं असलं पाहिजे.

पायरी ८ : ड्राइव्हची सेटिंग

ड्राइव्हमध्ये रेझिस्टरचे ओहम, वॉट आणि असल्यास थर्मल टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर किती वेगाने तापतो-निवतो याचा आकडा) भरा. ड्राइव्ह त्यावरून रेझिस्टरच्या तापण्याचा हिशेब ठेवतो आणि वेळेआधी इशारा देतो. चॉपर धड असेपर्यंत हे फार कामाचं आहे. ओव्हरव्होल्टेज कंट्रोल नावाची सोय बहुधा बंद करावी लागते. ती चालू राहिली तर ड्राइव्ह थांबण्याचा वेळ स्वतःच लांबवतो आणि चॉपरला कामच मिळत नाही.

सप्लाय व्होल्टेजचं सेटिंग नीट बघा. काही ड्राइव्हमध्ये चॉपर कोणत्या व्होल्टला चालू व्हायचा ते यावर ठरतं. सेटिंग ३८० चं आणि सप्लाय प्रत्यक्षात ४८० चा असेल तर मोटर थांबलेली असतानाही बस ६८० व्होल्टच्या जवळ जाते आणि चॉपर उगाच चालू होतो. रेझिस्टर ‘कारण नसताना’ गरम लागतो तेव्हा मी हे आधी तपासतो. अनेक ड्राइव्हच्या डीसी बस एकत्र जोडल्या असतील तर ज्याचा चॉपर सगळ्यात आधी चालू होतो त्याच्या एकट्याच्या रेझिस्टरवर सगळा भार पडतो, तेही बघा.

पायरी ९ : चाचणी

सप्लाय देण्याआधी रेझिस्टर ड्राइव्हपासून सोडवा. मीटरने ओहम मोजा, पाटीवरच्या आकड्याच्या दहा टक्क्यांत हवेत. मग टोक आणि खोकं यांमध्ये मेगर (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर) लावा. रेझिस्टर ड्राइव्हला जोडलेला असताना मेगर लावू नका, ड्राइव्हच्या आतला माल जाईल.

जोडून सप्लाय द्या, मोटर चालवू नका. रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये शून्याजवळ व्होल्टेज दिसलं पाहिजे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर केबलवर लावला तर करंटही शून्य. पाचशेच्या वर व्होल्ट दिसले तर लगेच सप्लाय तोडा. चॉपर शॉर्ट आहे, किंवा जोडणी प्लस-मायनसमध्ये झाली आहे.

आता संरक्षण खरंच चालतं का ते पाहा. कॉन्टॅक्टर ओढलेला आणि मोटर बंद असताना थर्मल स्विचची एक वायर पॅनेलमधल्या कंट्रोल टर्मिनलवरून सोडवा. कॉन्टॅक्टर ताडकन सुटला पाहिजे. वायर परत लावा. तो स्वतःहून ओढला जाता कामा नये. तसंच ओव्हरलोड रिलेचं टेस्ट बटण दाबून करा. ही दोन मिनिटांची चाचणी न करता पॅनेल ताब्यात देऊ नका.

शेवटी भारासह थांबवून बघा. सगळ्यात गर्दीच्या तासाला जेवढ्या वेळा यंत्र थांबतं तेवढ्याच वेळा, अर्धा-पाऊण तास. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेझिस्टरचं, वरच्या जाळीचं आणि जवळच्या केबलचं तापमान दर पाच मिनिटांनी लिहून ठेवा. तापमान चढून एका ठिकाणी स्थिरावलं तर ठीक. अर्ध्या तासानंतरही चढतच असेल तर रेझिस्टर लहान पडतो आहे किंवा हवा कमी पडते आहे. नवा रेझिस्टर पहिल्यांदा तापताना थोडा वास आणि हलका धूर येऊ शकतो, लेप भाजला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही धूर येत असेल तर थांबा.

नंतरची देखभाल

दर काही महिन्यांनी सप्लाय तोडून, बस उतरली आहे हे मोजून, जाळीतली धूळ काढा, लग आवळा, ओहम आणि मेगर मोजून आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. ओहम वाढत चालले असतील तर तार कुठेतरी झिजते आहे किंवा जोड सैल आहे. पत्र्यावर निळसर छटा, केबलच्या टोकाला कडकपणा, टर्मिनलजवळ करपल्याची खूण, यातलं काहीही दिसलं तर रेझिस्टर बदलण्याआधी कारण शोधा.

ओव्हरलोड रिले किंवा थर्मल स्विच ट्रिप झालेला सापडला तर सरळ रीसेट करून बटण दाबू नका. सप्लाय तोडलेला असतानाच, रेझिस्टर सोडवून, चॉपरचं टर्मिनल आणि बसचं मायनस यांमध्ये मीटरचा डायोड टेस्ट दोन्ही दिशांनी लावा. दोन्हीकडे शून्याजवळ आलं तर चॉपर गेला आहे आणि तो ड्राइव्ह दुरुस्त झाल्याशिवाय त्या पॅनेलला सप्लाय द्यायचा नाही.